शेवंती ओ देईना

भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत हरिश्चंद्र निवास नावाची चाळ आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, टोकाच्या खोलीत सुचित्रा परब राहते. चाळीत सुचित्रा दोन. एक ब्लाउजवाली, एक टायपिंगवाली. ही टायपिंगवाली. दार उघडंच असतं, दारात पडदा, आणि पडद्याच्या मागून टकटकटकटक. मध्येच थांबलं की समजायचं, कुणाचं तरी अक्षर लागत नाहीये. मग आतून ती स्वतःशीच बोलते, "हे 'घ' आहे की चहाचा डाग?"

दहावीनंतर तिने मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि माझगावच्या एका प्रेसमध्ये चिकटली. तिथे तिने लग्नपत्रिका जुळवल्या, क्रिकेट क्लबांची पावती पुस्तकं जुळवली, चर्चची मराठी गाणीसुद्धा जुळवली. प्रेसचा मालक नाकात बोलायचा, "परबबाई, कानामात्रा तुमच्यावर, बाकी देवावर!" पुढे देवाने बाकीचं काही बघितलं नाही आणि प्रेस बंद पडली. सुचित्राने घरी काम सुरू केलं. कोर्टाचं फुटकळ टायपिंग यायचं, पण तिचं नाव झालं ते नाटकांच्या संहितांसाठी. लालबाग-परळातली हौशी मंडळं दरवर्षी दादरच्या एका संस्थेच्या एकांकिका स्पर्धेत उतरतात, आणि त्यांची नाटकं टाईप करायला जातात सुचित्राकडे.

टाईप करता करता ती दुरुस्तही करायची. एका लेखकाने गिरणीतल्या माणसाच्या तोंडी लिहिलं होतं, "मी अत्यंत व्यथित झालो आहे." सुचित्राने टाईप केलं, "माझं डोकं फिरलंय." तालमीत सगळे खूश. लेखक मान डोलवत म्हणाला, "हं, ते मला असंच सुचलं." सुचित्रा कोपऱ्यात चहा पीत होती.

या वर्षी मात्र तिने स्वतःच एक एकांकिका लिहिली. 'लिफ्टचं बारसं'. एक चाळ पडते, तिथे टॉवर होतो, आणि चाळीतला एक म्हातारा टॉवरच्या लिफ्टला नाव ठेवून तिच्याशी गप्पा मारायला लागतो. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा रामदास बेस्टच्या बसवर कंडक्टर. त्याने विचारलं, "काय टाईप करतेस एवढं?" ती म्हणाली, "गिऱ्हाईकाचं आहे." त्याने डाळीत लिंबू पिळलं आणि विषय संपला.

आज शेवटचा दिवस. संहितेच्या चार प्रती पाचच्या आत दादरला टेबलावर पोचायला हव्या होत्या. पहिल्या पानावर तिने 'लेखक' असं लिहून पुढे जागा कोरी ठेवली होती. जमलं तर तिथे गेल्यावर पेनाने काहीतरी लिहायचं, एखादं टोपणनाव. आणि चाळीत कुणाला कळायच्या आत सगळं उरकायचं, एवढाच तिचा बेत होता.

जेवण झाल्यावर तिने लॅपटॉपवर प्रिंटचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

इथे थोडी मांडणी सांगायला हवी. प्रिंटर सुचित्राचा नाही. तो आहे तीन दारं सोडून कुशाबा तावड्यांच्या खोलीत, त्यांच्या नातीच्या, म्हणजे मानसीच्या कम्प्युटरला वायरीने जोडलेला. मानसीच्या कम्प्युटरवर विंडोज. सुचित्राचा लॅपटॉप मात्र जुना, विंडोजचं ओझं पेलवेना म्हणून त्यावर लिनक्स टाकलेलं. टाकलं प्रेसमधल्या रूपर्टने. रूपर्ट परेरा, माझगावचा, प्रेसमध्ये मशीनवर होता, आता घरी बसून लोकांचे म्हातारे कम्प्युटर चालते करतो. "सुची, तुजा लॅपटॉप म्हातारा नाय, त्याच्या डोक्यावर लोड जास्ती हाय," असं म्हणून त्याने एका दुपारी काम उरकलं. मग मानसीच्या कम्प्युटरवर तो प्रिंटर सगळ्यांसाठी खुला केला, एकाच वायफायवरून सुचित्राचा लॅपटॉप त्याला जोडून दिला. पासवर्ड ठेवला नाही. म्हणाला, "तुमच्या चाळीत दाराला कडी नाय, प्रिंटरला कशाला?" तेव्हापासून सुचित्रा आपल्या खोलीत बटण दाबायची आणि कागद कुशाबांच्या खोलीत पडायचे. कुशाबा हाक मारायचे, "पाव्हणे इले गो!"

आज पाहुणे आले नाहीत. सुचित्राने परत बटण दाबलं. मग परत. कुकरची शिट्टी होत नसली की शेगडीला टिचकी मारावी तसं ती दाबत राहिली. शेवटी पडदा सारून गॅलरीत आली.

"तात्या! प्रिंटर चालू आहे ना?"

"चालू हा!" आतून कुशाबा. "हिरवो दिवो पेटलोहा!"

"मग काय करतोय?"

"ती? काय एक करणा नाय. गप बसलीहा."

कुशाबांच्या बोलण्यात पंखासुद्धा कधी तो असतो कधी ती असते, त्यामुळे सुचित्राने तिकडे लक्ष दिलं नाही. ती त्यांच्या खोलीत गेली. प्रिंटर खरोखरच हिरवा दिवा लावून बसला होता. शेजारी कम्प्युटरच्या पडद्यावर मानसीचा महाबळेश्वरचा फोटो आणि खाली पिन मागणारी चौकट.

"तात्या, पिन माहिती आहे?"

"माका खय म्हायत? ता तिचा तिका."

मानसी बँकेत. तिथे फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवावा लागतो. सुचित्राने तिला मेसेज टाकला, एकच टिक आली. पिन नाही म्हणजे पेनड्राइव्ह लावून तिथूनच छापायचाही मार्ग बंद.

खाली गल्लीत हितेंद्रचं झेरॉक्सचं दुकान होतं. पण तिथे जायचं म्हणजे चाळीच्या फळ्यावर लिहिण्यासारखंच. हितेंद्र छापता छापता वाचतो, आणि मनात वाचत नाही. गेल्या वर्षी कुणाच्या तरी घटस्फोटाच्या अर्जातला नवरा त्याने आठवडाभर वठवून दाखवला होता, नवऱ्याच्या आवाजात, बायकोच्या आवाजात, मध्ये वकिलाचा खोकला. त्यापेक्षा पुढच्या वर्षी देईन, सुचित्राने ठरवून टाकलं. आणि लगेच तिला वाटलं, पुढच्या वर्षी आपली हिंमत होणार नाही.

आपल्या खोलीत परत येऊन तिने रूपर्टला फोन लावला.

"बोल सुची. मी बोंबील तलतो हाय, हात तेलात हाय, स्पीकरवर टाकलाय."

"प्रिंट होत नाहीये."

"स्क्रीन काय बोलतो? जसा हाय तसा वाच. मराठीत ट्रान्सलेट नको करू."

सुचित्राने वाचलं, "अनेबल टू कनेक्ट टू सी आय एफ एस होस्ट. विल रीट्राय इन सिक्स्टी सेकंड्स."

"म्हणजे तुजा लॅपटॉप दारावर नॉक करतो, आतून कोन उघडत नाय, मग बोलतो, एक मिनिट थांबतो, परत येतो."

"किती वेळ येणार असा?"

"तो? लाईफटाईम येल. लिनक्सला शरम नाय." मागे तेल चुरचुरलं, तसा तो बायकोवर ओरडला, "ए नेरिसा, गॅस बारीक कर! हां सुची. विंडोज चालू हाय?"

"आहे. पिन मागतोय."

"मागू दे. लॉक असला तरी प्रिंटर देतो तो. राऊटर बंद करून चालू कर."

राऊटरही कुशाबांच्या खोलीत. सुचित्राने गॅलरीतून ओरडून सांगितलं, "तात्या, ते काळं डबडं, दोन शिंगांचं, त्याचा प्लग काढा आणि परत लावा!" कुशाबांनी प्लग काढला. शेजारच्या दर्शनाचा आवाज आला, "अहो तात्या, माझा मिक्सर का बंद पडला?" दर्शनाच्या मिक्सरची वायर गेला महिनाभर कुशाबांच्या बोर्डावर होती, तिच्या खोलीतला प्लग जळाल्यापासून. कुशाबांनी तो प्लग परत लावला, मग पंख्याचा काढला, मग राऊटरचा. सगळं परत चालू झाल्यावर सुचित्राने बटण दाबलं. अनेबल टू कनेक्ट.

"आता काली खिडकी उघड," रूपर्ट म्हणाला.

काळी खिडकी म्हणजे लिनक्समधली ती जागा, जिथे चित्रं नसतात, नुसतं लिहायचं. सुचित्राला ती आवडायची. प्रेसची आठवण व्हायची.

"लिही. पी आय एन जी. स्पेस. मग मानसीच्या पीसीचा अड्रेस. तो बदलला नसनार, मी त्याच्यावर खिला मारून ठेवलाय."

सुचित्राने लिहिलं. उत्तरं भराभर यायला लागली, एकाखाली एक.

"येतंय! उत्तर येतंय!"

"बघ. माणूस घरात हाय. हाकेला ओ देतो. पन प्रिंटर मागितला की नाय बोलतो." रूपर्टने बोंबील उलटला असावा. "काल रात्री विंडोजने अपडेट मारला असंल. तो सकाली उठून सगल्यांची ओलख विसरतो. थांब, त्याच्याकडे द्यायला काय काय हाय ते विचारू. लिही. एस एम बी क्लायंट, सगला जोडून, स्मॉल. स्पेस. डॅश. कॅपिटल एल."

"कॅपिटल एल."

"स्पेस, मग दोन उलटे... नाय नाय, सीधे स्लॅश. जीजस, नेरिसा, जलला ना तो! सुची, सीधे स्लॅश दोन, अड्रेस, स्पेस, डॅश, कॅपिटल एन. एंटर."

काळ्या खिडकीत एक छोटी यादी उमटली.

"वाच."

"अ‍ॅडमिन डॉलर. सी डॉलर. आयपीसी डॉलर. प्रिंट डॉलर..."

"ते सगले घरचे नोकर. पुढे?"

सुचित्रा थांबली. "पुढे लिहिलंय... शेवंती."

"कोन?"

"शेवंती. एस एच ई व्ही ए एन टी आय. आणि बाजूला लिहिलंय, प्रिंटर."

"मी नाव दिलेला लेझर. लेझर दिसतो?"

"लेझर नाहीच आहे. शेवंती आहे."

रूपर्टचा झारा थांबला. तेल मात्र बोलत होतं. "सुची," तो म्हणाला, "ही बाय कोन? तुमच्याकडे राहते?"

सुचित्रा फोन तसाच हातात धरून कुशाबांच्या दारात गेली. आता तिने प्रिंटरकडे नीट बघितलं. मागच्या बाजूला खडूने मोठ्ठी अक्षरं होती, शेवंती, आणि वर वाळलेल्या झेंडूचं एक फूल चिकटपट्टीने लावलेलं.

"तात्या, हे काय?"

"ता? बारसा केलंय मी तिचा. दसऱ्याक."

कुशाबा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. दसऱ्याला खात्यात पूजा व्हायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि कुशाबा आपल्या साच्यांना नावं द्यायचे. खडूने लिहायचे आणि वर्षभर त्याच नावाने बोलायचे. बायजा आज कुरकुरता. पारूचो धागो तुटता. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, पण दसरा येतच राहिला. मग घरातल्या गोष्टींना नावं लागली. मिक्सर, इस्त्री, पंपाची मोटर. यंदा प्रिंटरचा नंबर लागला. मंडळांच्या संहिता त्याआधीच छापून गेल्या होत्या, दसऱ्यानंतर सुचित्राने काही छापलंच नव्हतं.

"बारसं केलंत ते केलंत," सुचित्रा म्हणाली, "पण कम्प्युटरच्या आत कसं गेलं नाव?"

"मानसीक सांगितलंय. म्हटला, नुसता खडून भायर लिवन काय उपेग? आत पण घाल. पोर गुणी हा, घातल्यान." कुशाबांनी तिच्याकडे बघितलं. "काय गो, चुकला काय?"

फोनमधून रूपर्ट हसत होता, खोकल्यासारखा. "सुची, तुजा लॅपटॉप दसऱ्यापासून लेझर, लेझर ओरडतो हाय! तिचा नावच बदललाय, ती कशाला ओ देल?"

सुचित्राच्या डोक्यात एकदम दुसरंच काहीतरी चमकलं. तिच्या एकांकिकेतला म्हातारा लिफ्टला हळदकुंकू लावून नाव ठेवतो. तो म्हातारा कुशाबाच होता, अगदी त्यांच्या खोकल्यासकट. तीन महिने त्याला लिहून काढलं, आणि आज प्रिंटर रुसला तर विंडोजवर संशय, राऊटरवर संशय, यांच्यावर नाही.

बाकीचं काम छोटं होतं. रूपर्टने सांगितलं तसं तिने खोलीत परतून लॅपटॉपवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्त्याच्या शेवटचा लेझर पुसला आणि तिथे शेवंती लिहिलं. ओके दाबलं. तीन दारं सोडून घरघर सुरू झाली.

"चलली गो!" कुशाबा ओरडले. "शेवंती चलली!"

"तात्या, कागद उलटे ठेवा हां! मी साडी बदलून येते!"

"थँक्यू रूपर्ट," ती फोनमध्ये म्हणाली.

"थँक्यू नको. माजे बोंबील जलले, तू एक दिवस बांगडे घेऊन ये."

सुचित्राने दार लोटलं, चांगली साडी काढली, केस विंचरले. पलीकडून घरघर चालू होती. छान वाटत होतं. पिन लावता लावता तिला वाटलं, बराच वेळ झाला की. चार प्रती एवढा वेळ? मग तिचा हात केसांतच थांबला. बटण आपण किती वेळा दाबलं होतं? प्रत्येक दाबण्याला चार प्रती. आणि लिनक्सला शरम नाही. ती सगळी मागणी तो धरून बसला होता आणि आता एकेक करून शेवंतीला देत होता.

तरी कागद संपले की थांबेल, तिने स्वतःला समजावलं. पण तिथे कुशाबा होते. साच्यावर आयुष्य गेलेला माणूस, मशीन उपाशी पडली की त्याला बसवत नाही. ट्रे रिकामा झाला की ते नवा गठ्ठा घालत होते आणि पाठीवर हात फिरवून म्हणत होते, "चल बाय, चल."

आणि मग गॅलरीतून एक आवाज आला. हितेंद्रचा.

"'अगो लिफ्टी, दमलंस काय? तेराव्या मजल्यावर तुझा काय काम होता?'"

तिचं वाक्य. तिच्या म्हाताऱ्याचं.

सुचित्रा बाहेर आली. कुशाबांच्या खोलीपासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत कागद होते. हितेंद्र चहा मागायला वर आला होता आणि आता कठड्याला टेकून हातात एक प्रत धरून उभा होता. दर्शनाच्या हातात दुसरी. ब्लाउजवाली सुचित्रा सुई तोंडात धरून तिसरी वाचत होती. हितेंद्र म्हाताऱ्याचा आवाज लावत होता, दर्शना सुनेचा.

"'बाबा, लोक हसतात.'"

"'हसूं देत. लोकांका नाव हा, तुका नाव हा, हिका कोण हाक मारतला?'"

सगळे हसले. हसता हसता एकेकाने मान वळवली आणि कुशाबांकडे बघितलं. मग हसणं आपोआप बसलं. आवाज, खोकला, हळदकुंकू, सगळं जुळत होतं. कुशाबा प्रिंटरवर हात ठेवून उभे होते.

"परत वाच," ते म्हणाले.

हितेंद्रने परत वाचलं. यावेळी जरा सांभाळून.

"ह्या कोणी लिवला?"

हितेंद्रने पहिलं पान काढलं. "लेखक... पुढे कोरं आहे. कुठल्या मंडळाचं गं सुचित्राताई?"

उत्तर तयारच होतं. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं. "गिऱ्हाईकाचं," ती म्हणाली. आणि पुढे म्हणायचं होतं, मला काय माहिती. पण कुशाबांनी ते पान हितेंद्रच्या हातातून घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "गिऱ्हाईकान माका कधी बघितल्यान?"

खाली गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.

"म्हातारो बरो लिवलोहा," कुशाबा म्हणाले. "एकच गोष्ट खोटी. मी खोकतंय तो आधी, बोलतंय ता मगे. तू उलट केलंस." मग त्यांनी कपाटावरचा खडू घेतला, खिडकीतून पडणाऱ्या उजेडाकडे पान धरलं. "आता सांग, हयसर काय नाव घालू? कोऱ्या कागदाक स्पर्धेत कोण बोलावतलो?"

"तात्या, खडूने कागदावर दिसत नाही," दर्शना म्हणाली.

"मगे हिका सांग. हिच्याकडे मशीन आसा."

सुचित्रा परत आपल्या खोलीत गेली. घड्याळाकडे एकदा बघितलं. आधी रांगेत उरलेली सगळी मागणी रद्द केली. मग खोकला बोलण्याच्या आधी आणला, ते पान परत छापायला वेगळं काढलं. मग पहिलं पान उघडलं. 'लेखक' पुसून 'लेखिका' केलं आणि पुढे टाईप केलं, सुचित्रा रामदास परब. शेवटचं अक्षर लिहिल्यावर तिची बोटं टेबलावर थोडा वेळ तशीच राहिली. दोन्ही पानांच्या चार-चार प्रतींसाठी बटण एकदाच दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसली.

तीन दारं सोडून शेवंतीने घरघर केली.

"पाव्हणे इले गो!"

हितेंद्रने खालून स्टेपलर आणला, नवी पानं घालून चार प्रती लावल्या, टाचल्या. टाचताना विचारलं, "ताई, मी झेरॉक्सवाला आहे का यात कुठे?" ती म्हणाली, "पुढच्या नाटकात." तो एवढा खूश झाला की त्याने टॅक्सी थांबवायला स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत धाव घेतली. उरलेल्या प्रती चाळीतच राहिल्या. ती जिना उतरत होती तेव्हा खाली-वर भांडण सुरू झालं होतं. हितेंद्र टॅक्सी थांबवून खालून ओरडत होता, म्हातारा मी करणार, आणि वरून कुशाबा म्हणत होते, "मेल्या, मी जिवंत आसय ना? माझो रोल मीच करतलंय!"

दादरच्या कार्यालयात टेबलावर तोच माणूस होता, जो दरवर्षी असतो. पुढ्यात संहितांचा ढीग, बाजूला शिक्का. सुचित्राला बघून तो ओळखीचं हसला. दरवर्षी ती कुणाची ना कुणाची संहिता घेऊन येते, तो तिला उभ्या उभ्याच पोच देतो, ती जाते.

"या परबबाई. यंदा कुणाचं आणलंत?"

तिने प्रती त्याच्यासमोर ठेवल्या आणि पहिलं पान त्याच्याकडे वळवलं.

त्याने शीर्षक वाचलं, खालचं नाव वाचलं. वर बघितलं. परत नाव वाचलं. शिक्का हातात तसाच ठेवून त्याने पलीकडची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा ना," तो म्हणाला.